नावं ठेवणं

कुताइसीच्या इस्पितळाच्या तळघरात
त्सिरा गुडघ्यांवर बसली आहे
तीनशे बारा केबलींसमोर.
बहुतेक निळ्या. काही राखाडी.
एक गुलाबी, का ते कुणालाच ठाऊक नाही.

वरून निरोप आहे : शुक्रवारपर्यंत
लेबलं छापायचं यंत्र निवड.
एकच. आणि स्वस्तातलं.

वहीत ती लिहिते :
पहिलं हातात मावतं, बॅटरीवर चालतं,
पण त्याची पट्टी गोलाईवर टिकत नाही,
आठवड्यात कोपरा उचलते
जेवायला न थांबणाऱ्या पाहुण्यासारखा.
दुसऱ्याची पट्टी केबलीला वेढा घालून
स्वतःच्याच शेपटीला चिकटते, अक्षर पुसत नाही.
रिळं मात्र तिबिलिसीहून मागवायची,
आणि चार रिळांत यंत्राची किंमत.
दोघांनाही तिची लिपी येत नाही.
तिसऱ्याला येते,
पण ते फोनवरून चालतं, आधी खातं उघड म्हणतं,
आणि तळघरात रेंज नाही.

लिपी म्हणजे ती,
शिरोरेखा नसलेली, द्राक्षवेलीच्या ताण्यांसारखी,
जिच्यात ओतियानं सव्वीस वर्षं
या केबलींना नावं दिली, आणि ठेवलीही.
ड्रेसिंगच्या खोलीतून मागून आणलेली
पांढरी कापडी चिकटपट्टी, वर बॉलपेन.

"लामाराची खिडकी."
"क्ष-किरण, वरचा, चिडका."
"हिशेबनीस. दुपारी एक ते दोन काढू नये,
लेकीशी बोलते."
"नवा डॉक्टर",
जो गेल्या वर्षी निवृत्त झाला.

आणि गुलाबीवर : "हात लावू नकोस."

त्सिरानं हात लावला.
बोटांनी चाचपत गेली कपाटामागून,
गरम पाण्याच्या नळाखालून, दोन कोळ्यांच्या घरांतून,
दुसऱ्या टोकापर्यंत.
टोक मोकळं. कशातच नाही.
त्यावरही चिकटपट्टी : "इथेही नको."

ती जिना चढून अंगणात आली, फोन लावला.
ओतिया गावी होता, हेझलनट वाळत घालत;
पत्र्यावर ओतल्याचा आवाज आला आधी, मग त्याचा.
गुलाबी? तो म्हणाला.
मलाही ती तशीच मिळाली, पोरी.
चिकटपट्टी फक्त बदलत आलो.

शुक्रवारी तिनं दुसरं मागवलं.
आता ते चालू आहे, कुरकुरत,
३-ब-१७, ३-ब-१८, ३-ब-१९,
कुणाचीही खिडकी नसलेले, न रुसणारे आकडे.
जुन्या पट्ट्या ती काढत नाही.
शेजारी वितभर जागा आहे, पुरे.

एक खोड मात्र तिला कुणी सांगितली नव्हती :
प्रत्येक लेबलाआधी हे यंत्र
बोटभर कोरी पट्टी पुढे ढकलतं
आणि कापून टाकतं.
संध्याकाळपर्यंत ॲप्रनचा खिसा भरला
कोऱ्या, चिकट, न पुसणाऱ्या तुकड्यांनी.

"नवा डॉक्टर"वर तिनं एक लावला,
बॉलपेन उमटेना, मार्कर आणला वरून,
आणि लिहिलं त्याच वेलबुट्टीत :
"आता नवी डॉक्टर. घाईची. हाक मारून मगच काढ."

गुलाबी शेवटी राहिली.
पावणेसात वाजलेत, पहारेकरी किल्ल्या वाजवतो आहे.
त्सिरा मार्करचं टोपण दातांत धरून बसली आहे.