न कळण्याची नोकरी

मला पगार मिळतो तो न कळण्याचा.

तुर्कू शहरात, आउरा नदीपासून दोन गल्ल्या आत,
ज्या खोलीत औषध देतात
ती मी कधी पाहिलेली नाही.
ऐकून आहे : मऊ गादी, उशाशी दोन माणसं, डोळ्यांवर पट्टी.
त्यांच्या डोळ्यांवर सहा तास,
माझ्या डोळ्यांवर दोन वर्षं.

मी फक्त फोन करते. वीस प्रश्न, ठरलेल्या क्रमाने.
झोप? भूक? सकाळी उठताना छातीवर दगड?
कशाला किती गुण, सगळं छापील.
आणि सुरुवातीलाच प्रत्येकाला तेच वाक्य :
त्या दिवशी काय दिसलं, ते कृपा करून मला सांगू नका.

पण ताइस्तो, होड्या दुरुस्त करणारा म्हातारा,
तिसऱ्याच प्रश्नाला म्हणाला,
"बाई, माझी मेलेली बहीण भिंतीतून आली
आणि तिनं माझ्या बुटाची नाडी बांधली."

झाली सव्वा लाखाची मूठ उघडी.
आता त्याच्या झोपेला दिलेले गुण
त्याचे, औषधाचे, की त्या नाडीचे?
मी लिहिलं : पडदा फाटला. तारीख, वेळ, वाक्य जसंच्या तसं.
पुढचे फोन दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, असंही कळवलं.
फोन ठेवून थोडी रडले. त्याला रकाना नाही.

पाकिटं फोडली त्या दिवशी समजलं,
गाल तापले आणि जग धुऊन निघालं म्हणणाऱ्या सेन्याला
मिळालं होतं एक साधं जीवनसत्त्व.
आणि तो शाळामास्तर, वर्षभर रांगेत थांबलेला,
तासाभरात ओळखून बसला की आपल्या वाट्याला काहीच नाही,
अजून खोल गेला.
त्याची निराशा
गुपचूप औषधाच्या खात्यात जमा झाली.
तेवढ्यानं फरक मोठा दिसतो. आलेख देखणा होतो.

देखण्या आलेखावरून डॉक्टर राउतिओ बोट फिरवत होते,
मी म्हटलं, एकेचाळीस नंबर कुठंय?
"संपर्क तुटला."
कुणाकडून तुटला?

नदी गोठते तेव्हा इथली माणसं
आधी गिरमिटानं भोक पाडतात, जाडी मोजतात,
मगच पोरांना बर्फावर सोडतात.
कुणी त्यांना म्हणत नाही की तुमचा हिवाळ्यावर विश्वास नाही.

अकरा वेळा घंटा वाजून थांबली.
बाराव्यांदा हेल्वीनं उचलला.
वीसही प्रश्नांची उत्तरं नीट दिली. भूक बरी. दगड नाही.
गुण इतके चांगले की मला लाज वाटली पिच्छा पुरवल्याची.
मग ती म्हणाली, "संपलं?
तेव्हापासून मी दिवा मालवलेला नाही.
चार महिने झाले.
तुमच्या यादीत हे नव्हतं, म्हणून नाही सांगितलं."

आलेखाची उतरण आता थोडी कमी आहे.
राउतिओ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी सुधारलेला तक्ता टेबलावर ठेवून गेले.

ताइस्तो होडी रंगवतोय म्हणे. खरंच बरा झाला असेल.
मला वाटतं, झालाय.
माझ्या वाटण्याला गुण नाहीत, आणि तेच बरं आहे.

नव्या यादीत प्रश्न एकवीस आहेत.
शेवटचा विचारताना मी पेन खाली ठेवते,
नियमात तसं लिहिलेलं नाही :
रात्री दिवा चालू ठेवून झोपता का?