दोन मिनिटं, दहा सेकंद

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
थ्रिलरमध्ये चेहरा उशिरा येतो.
आधी येतात बूट.

ध्रुविलनं बूट मागितले, मी बाबांचे नेले.
नंदेसरीच्या कंपनीतले, टाचेशी झिजलेले,
उजवा जरा जास्तच.

दांडिया बाजारामागची गल्ली तीन रात्री आमची होती.
पहिल्या रात्री कुणाच्या तरी वरातीचा डीजे.
दुसऱ्या रात्री एक गाय, प्रत्येक टेकला
नेमकी खुनाच्या जागी येऊन रवंथ करत उभी.
तिसऱ्या रात्री आम्ही खांबावरच्या दिव्याला
निळा जिलेटिन कागद बांधला
आणि गल्लीनं ओळख दाखवणं सोडलं.
फरसाणचं दुकानसुद्धा शटर पाडून
काहीतरी लपवल्यासारखं.
बँकेचा वॉचमन विडी विझवत म्हणाला,
खून करवुं छे तो लाइट केम बांधो छो?

ध्रुविलला मगरही हवी होती.
विश्वामित्रीत आहेतच, फुकट मिळेल.
सरांनी खोडली. एका ओपनिंगला एक धोका पुरे.

कृपाली चालत होती.
मागे वळायचं नाही, वळलीस की संपलं, तो सांगत होता.
तिनं विचारलं, रात्री मागे न बघणारी मुलगी
तू कुठे पाहिलीस?
त्यानं वही उघडली. वहीत नियम होता, मुलगी नव्हती.

आवाज माझ्याकडे.
ध्रुविल त्या बुटांत चालला तेव्हा रेकॉर्डरवर आला
एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन नंबर मोठ्या बुटांत.
म्हणून घरी विचारलं, बाबा, जरा चालता का?
कसं चालू?
रोजच्यासारखं.
त्यांनी आधी केस विंचरले.

रात्री साडेअकराला, बिल्डिंगचा जिना ते आमचं दार.
ठक्. सर्र.
ठक्. सर्र.
रेकॉर्डर पायपुसण्यावर ठेवून मी श्वास धरलेला.

मग लॅबमध्ये, हेडफोन लावून,
मी माझ्या बापाला कृपालीच्या मागे सोडलं.
जरा दूर. जरा जवळ. वर पुलाखालच्या पाण्याची एक पट्टी.
ध्रुविल ओरडला, जबरदस्त, काटा आला बघ!
मला आला नाही.
मला झोप येत होती.

सेकंड शिफ्ट सुटली की बस नाक्यावर सोडायची,
बारा चाळीसला.
आई झोपल्याचं सोंग घेऊन जागी, मी आईचं बघून.
तेव्हा पाय सरळ होता. ठक्, ठक्, बावीस पायऱ्या,
किल्ली, आणि मी कूस बदलायची.
दिवस तिथे संपायचा.

एका रात्री बारा चाळीस झाले.
एक.
सव्वा.
जिना गप्प.
व्हॉल्व्ह, गुडघा, सयाजी हॉस्पिटल, हे सगळं सकाळी कळलं.
रात्रभर फक्त ते गप्प असणं होतं,
आणि आईचं, सोंग सोडून, दाराकडे बघत बसणं.

मी टाइमलाइनवर मागे गेले.
शेवटची अकरा सेकंदं कापली.
कृपाली चालते, मागे ठक्, सर्र, ठक्,
आणि मग नाही.
ती थांबते. (खरं म्हणजे चप्पल निघाली होती तिची.)
पुढे अकरा सेकंद नुसती निळी गल्ली.

क्लासमध्ये कुणीतरी पुढच्या खुर्चीची पाठ पकडली.
सर म्हणाले, हे नियमात नव्हतं,
आणि वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही.

बाबा मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून.
नाव आलं पडद्यावर: पावलं – व. ग. शितोळे.
त्यावर ते काही बोलले नाहीत.
स्कूटरवर, काळ्या घोड्याच्या सिग्नलला, एकदम म्हणाले,
तो मागून येणारा माणूस,
पोचला का गं घरी?

ओपनिंगच आहे बाबा, म्हटलं.
पुढचं शूट केलेलं नाही.