अळणी

उमदीच्या पुढं डांबर संपतं.
दस्तगीरनं जीप खडीवरनं नेली,
मग खडीही संपली.
मागं पोलिसांची गाडी, पुढं ठोमके मॅडम,
मांडीवर फाईल, फाईलीत एक ओळ:
बालके, अंदाजे चौदा.

एकोणीस निघाली.

मला नेलं ते लहानग्यांना उचलायला.
ऑर्डरीत तसं नव्हतं, ऑर्डरीत होतं
‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली’.
पण उचलायला कुणीतरी लागतं,
आणि माझे हात रुंद आहेत.

माळावर दगडी खोल्या, चुना मारलेल्या,
डाळिंबाच्या दहा ओळी, एक आड.
खालच्या गावात त्यांना अळणी म्हणायचे.
मीठ खायचं नाही. सुई नाही, गोळी नाही,
शाळा नाही, फोटो नाही,
गेलेल्यासाठी रडायचं नाही.
श्रावणात एक पोर तापानं गेलं.
मेंढरं चारणाऱ्या बिरूनं ताजी माती पाहिली,
आपल्या काठीशी मोजली.
काठी उरली.
तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही,
चौथ्या दिवशी फोन केला.

वाटलं होतं दगड येतील, शिव्या येतील.
आम्ही त्याची तयारी करून गेलो होतो.
बाया ओळीत उभ्या राहिल्या.
एकीनं, नाव विचारलं तर काशव्वा,
धाकट्याचं नाक पदरानं पुसलं
आणि पोर माझ्याकडं दिलं,
गिरणीत दळण द्यावं तसं.
मग आपले हात कुठं ठेवावेत
तिला कळेना.
हे मी पाहिलं. पंचनाम्यात हे नाही.

मिरजेला पोचेस्तोवर रात्र झाली.
आमटी-भात वाढला.
पहिल्याच घासाला एकोणीस तोंडं थांबली.
थुंकलं नाही कुणी,
घास गालात धरून बसली.
थोरली शिवलीला, दहा-अकराची
(जन्मतारीख डॉक्टरनी दात बघून लिहिली),
तिनं गिळला, म्हणाली,
“हे घामासारखं लागतंय.”

धाकट्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला.
हे मी आधी सांगायला हवं होतं.
आठ रुपयांचं औषध.

आई लोकांची भांडी घासताना म्हणायची,
खाल्ल्या मिठाला जागावं.
मी सरकारचं मीठ खाते, बावीस वर्षं,
आणि जागते, रात्रपाळीला तर खरोखरच जागते.
पण ह्या पोरांनी कुणाचंच खाल्लेलं नाही,
तिथल्या तातांचं नाही, आईचंसुद्धा नाही.
मग दोनच्या ठोक्याला उठून
अंथरुणात ताठ बसतात
ती कुणाला जागतात?

दुसऱ्या दिवसापासनं मी पातेली दोन केली.
एकात मीठ घातलं नाही.
मॅडमना सांगितलं नाही.

तारखेला काशव्वा आली. दोन एस.ट्या बदलून,
समितीच्या व्हरांड्यात सकाळपासनं बसलेली.
आत काय झालं मला माहीत नाही,
बाहेर आली तेव्हा अंगठ्याला शाई होती.
पुढची तारीख सव्वा महिन्यानं.
माझ्या हातात तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या.
बाहेरचं खाणं चालत नाही, मी म्हटलं.
तिनं मान हलवली आणि गेली,
फडकं माझ्याच हातात.

रजिस्टरात लिहिलं: बाह्य खाद्यपदार्थ, नाकारले.
रात्री सगळी निजल्यावर
ओट्याशी उभं राहून एक तुकडा मोडला.
ज्वारीची, जाड, कडेला करपलेली.
तोंडात घातला
आणि घोटभर पाण्यासाठी धावले.

खारट. नुसती खारट.
मिठाचा अंदाज
आयुष्यात कधी न घेतलेल्या हाताची.