चालू रीडिंग

बत्तीस वर्षं मी लोकांच्या घरातली वीज मोजली
आणि स्वयंपाक हुंगला.
साखर पेठेत सकाळी नऊला शेंगा कुणाकडे भाजतायत
हे मला आकड्याच्या आधी कळायचं.
मिक्सर कुणी घेतला तेही कळायचं,
युनिटांवरून नव्हे, चटणीवरून.
मिक्सरची चटणी भुगा होते, पंख्यानं उडेल अशी.
उखळातली तेल सोडते, बोटांना धरून बसते,
नळावर हात धुतला तरी दुपारपर्यंत
रीडिंगच्या वहीवर तांबडे अंगठे.

‘मंगळवारीच तुमची लाइन उशिरा का उरकते हो, आवताडे?’
साहेब पुण्याचे.
डब्यात बटाट्याची कोरडी भाजी, रोज.
त्यांना काय सांगणार, मंगळवारी बाजार असतो
आणि बोरामणीची शांतव्वा पोत्यावर पुंडी मांडून बसते.
(अंबाडी म्हणालात तर दोन रुपये जास्त सांगते.)
देठाला काटे शाबूत असलेली वांगी
मी दाबून बघू लागलो की हातावर चापट:
‘बगायला आलायस का न्यायला?’
न्यायला. अर्धा किलोची चिठ्ठी खिशात,
पिशवीत किलोभर.

या गावात जेवण झालं का हे चार भाषांत विचारतात.
ऊटा आयता?
तिन्नारा?
खाना हुआ क्या?
का बे, जेवलास का?
आणि मला चारही भाषांत नाही म्हणता येतं.
तेवढंच शिकलो. पुरलं.

विजापूर वेशीत याकूबभाईच्या गाड्यावर
शिगा फिरतात, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो,
चर्र होतं,
आणि धुरात उभी असलेली माणसं एकदम ओळखीची वाटतात.
माळ घातलेला माझा मेव्हणा नाक दाबून
पलीकडच्या बाजूनं जायचा.
पण हळू जायचा.

गुरुपादच्या खानावळीत कडक भाकरी
कौल तडकावं तशी मोडते.
तिच्यावर आमटी ओतायची आणि थांबायचं, म्हणतात.
थांबणं मला कधी जमलं नाही.
टाळूला जखमा घेऊन मी बत्तीस वर्षं नोकरी केली.

पूर्वभागात वंगारींकडे चार माग.
खटखट एवढी की पाणीसुद्धा खुणेनं मागावं लागे.
एका मार्चमध्ये मीटरचं चाक उभंच.
काच पुसली, बॅटरी मारली, पुन्हा पाहिलं.
मागच्या महिन्याचाच आकडा.
आतून येल्लम्मा ताटली घेऊन आल्या:
सर्वा पिंडी, पातेल्याच्या बुडाला थापलेली,
बोटानं पाडलेली भोकं, कडेला करपलेले तीळ.
‘तिन्नारा?’
पहिल्यांदाच म्हणालो, झालं.
‘मग अर्धी घ्या.’
त्यांनी तोडली. मोठा अर्धा माझ्याकडे आला.
त्या घरात माझ्याच दातांचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.
दाणा फुटला, डाळ फुटली,
कढीपत्त्याचं पान फुटलं तेसुद्धा.
वहीत आकडा लिहिला, खाली रेघ ओढली.
आणि खरं सांगतो, उरलेली अर्धीही मागून घेतली.
चांगली झाली होती. त्याला मी काय करू.

आता रिटायर आहे.
डॉक्टर चिडगुपकर म्हणतात, मीठ मोजून, तेल मोजून.
मोजायचं मला शिकवतात.
त्यांच्या दवाखान्याचं मीटर जिन्याखाली आहे,
आणि दुपारी एकला तिथपर्यंत वरून
ठेच्याचा वास येतो.
मी काही बोलत नाही.

आज मंगळवार.
शांतव्वाच्या पोत्यावर आता तिची सून बसते.
तीही अंबाडी म्हटलं की दोन रुपये चढवते,
सासूच्याच आवाजात, मान न उचलता.
मी मुद्दाम अंबाडी म्हणतो.