घरभाडं

सांफ्याच्या पुढे रस्ता संपतो, मग सायकल,
सायकल संपते तिथे होडी,
आणि होडीतून उतरल्यावर मांडीभर चिखलात
मी टॅब्लेट डोक्यावर धरला, लेकरू धरावं तसा.
सरकारचा आहे. भिजला तर माझ्या पगारातून.

चिलेशेची आई कसावा सोलत बसली होती.
"बसा," म्हणाली, आणि घरातलं एकुलतं स्टूल पुढे सरकवलं.
(खुर्ची, स्टूल, बाक : संख्या लिहा. एक.)

घरात माणसं किती?
नियम आम्हाला तीनदा घोकून घ्यायला लावलाय :
एका भांड्यातलं खातात ते एक कुटुंब.
तिनं बोटं दुमडली. सहा.
मग सातवंही दुमडलं, आणि पुन्हा सरळ केलं.
थोरला किट्वेला, खाणीत. त्याचं भांडं वेगळं.
"पण पीठ मी अजून त्याच्या वाटणीचं धरूनच टाकते.
हातच तसा बसलाय."
मी सहा लिहिले.

मासे. गेल्या सात दिवसांत पकडलेले, विकलेले, खाल्लेले.
बंदीचे महिने चालू होते. ती माझ्याकडे बघत राहिली,
मी तिच्याकडे.
कुडामागून वाळत घातलेल्या चिसेन्सेचा वास येत होता.
"शून्य," ती म्हणाली.
शून्य.

पाणी?
"सरोवराचं. दिसतंय की."
किती खेपा, हे फॉर्म विचारत नाही.
तिच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेले,
चुंबळीएवढ्या गोलात.

मग तो प्रश्न आला. त्याच्याआधी मी नेहमी घसा खाकरतो.
हे घर तुम्ही भाड्यानं दिलं असतं
तर महिन्याला किती आलं असतं?

तिला वाटलं, माझं बेम्बा कच्चं.
पुन्हा विचारलं.
तेव्हा ती हसली. आधी खांदे, मग पोट,
मग सुरी बाजूला ठेवून शेजारणीला हाक,
"अगं ये, ऐक हा काय विचारतोय!"
शेजारीण हसली, तिच्या पाठीवरचं पोर हसलं,
कोंबडी उठून गेली.
छपराच्या गवतातून आभाळ दिसत होतं, तीन ठिकाणी.
"खिडक्यांचे वेगळे लावा," ती म्हणाली.

रकाना रिकामा सोडता येत नाही.
पुढचं पानच उघडत नाही.
"बोला काहीतरी."
"तूच सांग. तू शहरातला."
पन्नास क्वाचा, मी म्हटलं.
तिनं डोळे पुसले. "पन्नास? दिलं. आजच ये राहायला."

लुसाकात, आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
ही कुणालाच न मिळालेली भाडी एकत्र करतात,
त्यात तांबं मिळवतात, सिमेंट मिळवतात,
आणि वर्षाअखेरी रेडिओवर एक बाई स्वच्छ आवाजात सांगते
झांबिया किती वाढला.
आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही.
त्या छपराखाली सहा जण झोपतात,
त्याची किंमत शून्य तरी कशी लावू?
फक्त रेडिओ ऐकताना दरवेळी वाटतं,
आता मागून कुणीतरी हसेल.

निघालो तर म्हणाली, थांब, भांडं उतरवलंय.
उबवालीचे गोळे काढले. मी मोजले, सवयीनं. सात.
सातवा माझ्यापुढे आला,
त्याच्याशेजारी भाजलेले मासे,
जे नव्हतेच.
टॅब्लेट मी पालथा ठेवला आणि जेवलो.

होडीपर्यंत पुन्हा चिखल.
मागून तिचा आवाज आला, सगळ्या काठाला ऐकू जाईल असा :
"ए भाडेकरू!"
बायका हसल्या, पोरं ओरडायला लागली, भाडेकरू, भाडेकरू.
मला हात हलवायचा होता.
दोन्ही हात डोक्यावर होते.