जामीन

तिसऱ्या दिवशी वीज आली
आणि पोस्टातला संगणक घरघरत उठला.
एंगुरीच्या काठचा रस्ता अजून बंद,
बर्फ खिडकीच्या निम्म्यावर,
शेगडीपाशी बिद्झिना, ओले बूट काढून.
त्याला एवढंच बघायचं होतं,
पेन्शन आलं का.

पडद्यावर लाल कुलूप.
ही जोडणी सुरक्षित नाही.
बँक उघडली, तेच. हवामान, तेच.
झुग्दिदीच्या औषधांच्या दुकानाचं साधं पान,
तेही कडी लावून बसलेलं.

"काय म्हणतंय, नेस्तान?"
"समोरचा खरा आहे की तोतया, सांगता येत नाही म्हणतंय."
"मग त्याला जामीन कोण?"

हा शब्द त्याचा, माझा नाही.
मी तोवर सेटिंग्जमध्ये शिरले होते,
गोपनीयता, सुरक्षा, मग खाली, आणखी खाली,
जिथे सहसा कुणी फिरकत नाही
त्या प्रमाणपत्रांच्या तळघरात.

तिथे एक यादी. दीडशेच्या आसपास नावं.
प्रत्येकापुढे खूण: यावर विश्वास आहे.
ती खूण मी केलेली नव्हती.
मी नावं वाचत गेले, बिद्झिना ऐकत गेला,
मयताला आलेल्या परगावच्या माणसांची ऐकावीत तशी.

"यातलं तुझ्या ओळखीचं कोण?"
"कुणीच नाही."
"मग काढून टाक सगळी."
"काढली तर काहीच उघडणार नाही."
"आणि ठेवली तर?"
"ठेवली तर... परवापर्यंत उघडत होतं."

मी बोटं मोडत साखळी सांगितली:
पेन्शनच्या पानाची हमी हा घेतो,
याची तो,
त्याची हा सगळ्यात वरचा.
"आणि वरच्याची?"
मी ओळ दाखवली.
दिलं कुणाला, त्याला.
दिलं कुणी, त्यानंच.

बिद्झिना हसता हसता खोकला.
"माझ्या आजाच्या वेळी वैर मिटवायचं
तर बारा माणसं लागायची,
देवाच्या तसबिरीवर हात ठेवून बोलणारी.
आपणच आपली शपथ वाहणाऱ्याला
कुणी मेंढी उधार दिली नसती."

खाली करड्या अक्षरांत एक वाट होती:
धोका पत्करून पुढे जा.
पंधरा वर्षं मी गावाला सांगत आले,
आभाळ कोसळलं तरी तिथे बोट लावू नका.
माझं बोट तिथेच होतं.

"हे कुठल्या साली आहे गं?"
चष्मा नव्हता त्याच्याकडे,
कोपऱ्यातले आकडे तेवढे दिसले.

एक जानेवारी, दोन हजार अकरा.

आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली.
वीज गेली तसा संगणकाला काळाचा विसर पडला,
आणि जागा झाल्यावर त्याला जे जे भेटलं
ते अजून जन्मायचं होतं.
कुणीच तोतया नव्हतं.
खोटी होती ती आमच्याच घरातली तारीख.

मी ती बदलायला गेले तर म्हणाला,
"थांब जरा.
त्या साली माझी घोडी होती."

मी माउसवरचा हात उचलला.
शेगडीत एक ओंडका ढासळला.
बाहेर कुणीतरी छपरावरचा बर्फ ओढत होतं.
"हं," तो म्हणाला. "कर आता."

पानं उघडली, काही घडलंच नाही अशा थाटात.
पेन्शन आलं होतं, अकरा लारी कमी.
कुलूप नीट बंद, जोडणी सुरक्षित, जामीन सगळे हजर,
आणि अकरा लारी कमी.
बूट चढवताना त्यानं ज्या शिव्या दिल्या
त्या अस्सल होत्या, प्रमाणपत्राशिवाय.

नवी बॅटरी रस्ता उघडला की येईल.
तोवर रोज सकाळी हातमोजे काढते,
भिंतीवरचं कॅलेंडर बघते
आणि संगणकाला आजची तारीख सांगते.
सगळ्या जगाची साक्ष मागणारा तो,
मला एकदाही विचारत नाही,
तू कोण.