डाग

ओयार्स भिंग लावून आधी कडा बघतो,
चेहरा नंतर.
पाच लाट्सचं, चांदीचं, बत्तीस सालचं.
‘या साली कमी पाडली होती,’ तो म्हणतो,
आणि स्कायद्रिते खुर्चीत जरा पुढे सरकते.

मग तो नाणं पालथं घालतो.
पाठीला टाचणीचा डाग दिलेला.
अंगभर बारीक ओरखडे, गोल गोल.
‘कोण घासायचं?’
आई. दर नोव्हेंबरात, पडदे ओढून, दंतमंजनाने.
मग कोटाच्या आतून, अस्तराला.

‘चकाकतंय. पण कांती गेली.’
खणातून तो दुसरं काढतो, त्याच सालचं,
बोटसुद्धा न लागलेलं.
चाळीसपट किंमत.
ते कुठे गेलंच नाही कधी,
कुणाच्या श्वासाने वरखाली झालं नाही.

हिच्या नाण्याला चांदीचा भाव. वजनावर.

‘अशी घासलेली किती येतात?’
‘पुष्कळ. घरोघरी होती.’
‘घरोघरी,’ ती म्हणते.
एवढे पडदे, एकाच रात्री,
आणि आईला वाटायचं, अख्ख्या रिगात आपणच.

ती नाणं परत मागते.
बाहेर बर्फ भुरभुरतंय.
कोटाची वरची बाजू चाचपत विचारते,
‘टाचणी आहे का हो, नवी?’